तोटी बंद केली का?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याची सुट्टी शाळेच्या घंटेनं लागत नसे, कुंडलिकच्या तोंडानं लागायची. टांगा येऊन उभा राहिला, ट्रंका चढल्या, पोरं मागं पाय सोडून बसली, बाईनं कुलूप दोनदा ओढून बघितलं, की हा कुठून तरी उगवायचाच. अंगात महापालिकेची खाकी, आणि खांद्यावर रस्त्यातला व्हॉल्व फिरवायची लोखंडी चावी, माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवी मूठ. घोड्याच्या तोंडापुढं उभा राहून विचारायचा,

"तोटी बंद केली का?"

"केली."

"मोरीच्या भोकाला बोळा?"

"लावला की हो."

"आन् किल्ली?"

हात पुढं. किल्ली त्या हातात पडल्याशिवाय घोडा हलत नसे. टांगेवालेसुद्धा शहाणे झाले होते. कुंडलिकचे तीन प्रश्न होईपर्यंत विडी ओढून घ्यायचे.

गल्लीच्या तोंडाशीच माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान. त्यामुळं कोण गेलं, कोण आलं, कुणाची ट्रंक जाताना हलकी होती नि येताना जड झाली, हे सगळं माझ्या डोळ्यांखालनं जायचं. मी दुकानातनं ओरडायचो, "कुंडलिकराव, चौथा प्रश्न राहिला! सासूशी भांडणार नाही असं लिहून घ्या!" तो हसायचा नाही. त्याला हसायला वेळच नव्हता. मे महिन्यात निम्मी गल्ली कुलूपबंद, आणि त्या सगळ्या कुलपांचा हा एकटा मालक. सकाळी पाणी सोडून आला की एक फेरी, संध्याकाळी एक. प्रत्येक कुलूप ओढून बघायचा. बाजूच्या गल्ल्यांतनं भांडी गेली, एका घरातनं तर पाळण्याच्या कड्यासुद्धा गेल्या. आमच्याकडं सुट्टीत कधी चमचा हलला नाही. किल्ल्या त्याच्या घरात देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्यांवर टांगलेल्या. बायको बजाबाई सकाळी देवाला फूल वाहताना किल्ल्यांनाही हळदीकुंकू लावते, असं मी गल्लीत उठवलं होतं. ते खोटं होतं. पण ऐकणाऱ्यांना खरं वाटलं, म्हणजे बघा कुंडलिकचं वजन केवढं!

त्याची आणखी एक करामत होती. प्रत्येक दारापुढं जमिनीतनं नळाची जोडणी आत जाते. तिथल्या बिडाच्या झाकणावर चावीचं टोक टेकवायचा, आणि वरच्या मुठीला कान लावायचा. पाण्याच्या वेळेला आत कुठं तोटी वाहत असली तर म्हणे मुठीत गुणगुण ऐकू येते. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून तो असा उभा राहायचा, की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, जमिनीतलं कुणीतरी त्याला कानगोष्ट सांगतंय. मी विचारायचो, "काय म्हणतंय पाणी? खुशाल हाय ना?" तो डोळे न उघडताच म्हणायचा, "इरूपाक्ष, तुज्या तोटीचा वायसर गेलाय." आणि गेलेला असायचा, ते सोडा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळाचं साल. सोलापूरकराला उन्हाचं कौतुक नसतं, पण त्या साली नळसुद्धा तापून कोरडे पडले. पाणी एका दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, आणि वेळेचा पत्ता नाही. मग सगळ्या शहरानं केलं तेच आमच्या गल्लीनं केलं: तोटी उघडी ठेवायची आणि खाली पितळेची घागर मांडायची. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, खाकरतो, मग धार घागरीच्या बुडावर वाजते. तीच आपली घंटा. बाई अंगणात असो, पापड लाटत असो, आवाज आला की धावली.

कुंडलिकला या घंटेचा भयंकर राग. "आवाज आला तवा तू घरात नसलीस तर? घागर भरंल नि पानी चाललं गटारीत! हितं मान्सं तांब्यासाठी डोकी फोडून घ्यायला लागल्यात!" महापालिकेचा हुकूमच होता, पाणी वाया घालवील त्याचा नळ बंद. आणि हुकूम असला की कुंडलिकच्या अंगात यायचं. एप्रिलात मथुराबाईची घागर अशीच भरून वाहिली. मथुराबाई म्हणजे समोरच्या घरातली, तिच्या जिभेला आमच्या पेठेतले हमालसुद्धा भितात. ती देवळात गेली होती. देवळात, बरं का, गप्पा मारायला नव्हे. कुंडलिकनं सरळ पान्हा आणला, तिची तोटी काढली, पाइपात लाकडी खुंटी ठोकली.

"आरं, मी तुज्या आईच्या वयाची!" ती ओरडली.

"आई आसती तर तिचीबी काडली आसती."

आठवडाभर मथुराबाई सार्वजनिक नळाच्या रांगेत उभी होती. त्या आठवड्यात तिनं कुंडलिकच्या घराण्याचा जो उद्धार केला, तो ऐकायला लोक लांबच्या रांगेतनं आमच्या रांगेत यायचे.

आता गंमत बघा. एवढ्या कडक माणसाच्या घरात पाणी कधी येणार हे ठाऊक असेल, असं तुम्हाला वाटणार. आम्हालाही वाटायचं. पण कुंडलिक घरीसुद्धा वेळ सांगत नसे. "तुला सांगिटलं तर तू मथुराआक्काला सांगनार, आन् ती साऱ्या पेठंला." त्यामुळं चावीवाल्याची बायको असून बजाबाई बिचारी चारचौघींसारखीच. नवरा पहाटे बाहेर पडला की तीही गुपचूप तोटी उघडायची, खाली घागर मांडायची, आणि तो यायच्या आत बंद करायची. साऱ्या गल्लीतल्या बायकांना हे ठाऊक होतं. बाप्यांपैकी फक्त मला. मी कुणाला सांगितलं नाही. असली गोष्ट राखून ठेवली की मुरते.

मे महिन्यात जेऊरला कुंडलिकच्या भाचीचं लग्न निघालं. इतक्या वर्षांत हा सुट्टीत गाव सोडून गेलेला नव्हता. जायच्या दिवशी सकाळपासून घामाघूम. बदलीवर येडू नावाचा चावीवाला येणार होता. त्याला गल्ली दाखव, व्हॉल्व दाखव, कुलपं ओढून दाखव. इकडं बजाबाईनं पहाटे तोटी उघडलेली, नळ कोरडा ठक्क. मग लुगडं, आहेर, शेंगदाण्याची चटणी, दशम्या या धांदलीत ती तोटी विसरली. कुंडलिक घरात आला, त्यानं आपल्या हातानं मोरीच्या भोकाला चिंध्यांचा बोळा असा ठोकून बसवला, की उंदराच्या बापाची टाप नाही. कोरड्या तोटीतनं ना थेंब, ना आवाज. तिच्याकडं बघायचं त्याला सुचलं नाही. मग कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली बनियनच्या खिशात टाकली.

टांगा माझ्या दुकानापाशी आला तेव्हा मी म्हटलं, "कुंडलिकराव, तुमची किल्ली कुणाकडं?"

"माज्याकडं."

"आणि तुमचं घर कोण बघणार?"

तो पहिल्यांदाच जरा हसला. "चावीवाल्याचं घर कोन बगनार? चल रं, गाडी चुकंल."

तोटीचा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. तो प्रश्न आमच्या गल्लीत फक्त एकच माणूस विचारायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापल्यावर येडूनं पाणी सोडलं आणि तो सायकलवर पुढच्या पेठेला निघून गेला. सगळ्या घरात घागरी वाजल्या, धावपळ झाली. थोड्या वेळानं मथुराबाईचा आवाज आला, "अगं बया! ह्ये कुनाचं?"

कुंडलिकच्या उंबऱ्याखालनं पाणी येत होतं. झिरपत नव्हतं, येत होतं. पायरीवरनं उतरत होतं, ऐटीत, लग्नाच्या वरातीसारखं. मोरीचं भोक तर त्यानं स्वतः बंद केलेलं, मग पाणी जाणार कुठं? मोरी भरली, घर भरलं, आता रस्त्यावर.

किल्ली जेऊरच्या मांडवात. शेजारच्या बंद घरातनं भिंतीवरनं आत उतरावं म्हटलं, तर त्या घराची किल्ली कुंडलिकच्या घरात खिळ्यावर. बाकी सगळ्यांच्याही तिथंच. साऱ्या गल्लीच्या किल्ल्या सुरक्षित होत्या हो, पाण्यात! कुलूप फोडायला हातोडी आणली, तर ते कुलूप कुंडलिकनं निवडलेलं. हातोडीचा दांडा मोडला. शेवटी मी येडूला गाठायला निघालो. दुकानातली ब्रेकवाली एकमेव सायकल भाड्यानं गेलेली, म्हणून बिनब्रेकची घेतली आणि दोन पेठा धावत, पाय घासत गेलो. येडू एका हॉटेलात भजी खात होता. त्याला भज्यासकट उठवला.

येईपर्यंत गल्लीत जत्रा. ज्याच्या हातात जे सापडलं ते घेऊन लोक कुंडलिकच्या पायरीशी बसलेले. तांबे, परात, कुणी तर मुलाची पाटी आडवी धरून पाणी वळवतंय. मथुराबाई सर्वांत पुढं. "प्या, प्या! सायबाच्या घरचं पानी हाय, त्येला बंदी न्हाय!" मीसुद्धा पोट धरून हसलो. का हसू नये? इतक्या वर्षांत कुंडलिकवर हसायची ही पहिलीच संधी.

येडूनं चावी फिरवली, धार थांबली. आणि तेव्हा आम्हाला भूमय्याचा आवाज ऐकू आला. आवाज कसला, तो नुसता आपल्या दारात उभा राहून म्हणत होता, "इकडं या हो जरा."

भूमय्या कुंडलिकच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. तेलुगू विणकर. त्याची खोली रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, आणि खोलीत खड्ड्याचा माग. खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या बरोबरीला बसायचं आणि विणायचं. भिंतीच्या पायथ्यातनं पाणी तिकडं उतरलं होतं. तो आणि बायको पाण्याच्या रांगेला गेलेले. परत येऊन बघतात तो खड्ड्याची विहीर झालेली. मागावरचं पांढरं लुगडं अर्धं विणून झालेलं, वर लाल काठ. उभ्या धाग्यांचा ताणा भिजून खाली लोंबत होता, आणि काठाचा लाल रंग उतरून पांढऱ्यात पसरला होता.

बघितल्यावर हसणं थांबवायला कुणाला सांगावं लागलं नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून खड्डा उपसला. ते पाणी मात्र कुणी घरी नेलं नाही. भूमय्यानं विचारलंसुद्धा, "पाणी चांगलंय, न्या की." तरी नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिक परत आला. डोक्याला लग्नातला फेटा तसाच, हातात बुंदीची पुरचुंडी. गल्ली शांत बघून त्याला बरं वाटलं असणार. येता येता एकदोन कुलपं ओढून बघितली त्यानं. आम्ही सगळे दारांत उभे. सांगायचं कुणी? मी जन्माचा तोंडाळ, पण त्या वेळी ट्यूबमधलं पंक्चर शोधत बसलो, आणि ट्यूब अगदी चांगली होती.

मथुराबाई पुढं आली. पदर खोचला.

"कुंडलिका, तोटी बंद केली व्हतीस का?"

"म्हंजी?"

"न्हाय, इचारते आपली. सुट्टीचे दिस हायत."

त्यानं कुलूप उघडलं. आत चिखल, फुगलेली पेटी, पाण्यात पडून कागदासारखे झालेले कपडे. देव्हाऱ्यावरच्या किल्ल्या तेवढ्या कोरड्या. मोरीत घागर काठोकाठ, आणि बोळा जागच्या जागी. तोटी उघडी. तो तिच्याकडं बघत राहिला.

बजाबाई उंबऱ्यातच खाली बसली. "मी उगडली व्हती हो. रोज उगडती. तुमी गेल्यावर."

गल्ली कान देऊन उभी. मला वाटलं, आता हा बायकोवर ओरडणार आणि स्वतः मोकळा होणार. ज्याला लाज झटकायची असते त्याला घरातच जागा सापडते.

"बंद करायचं काम माजं हुतं," कुंडलिक म्हणाला. बास.

मग त्यानं विचारलं, "आनि कुनाचं काय झालं?"  सगळ्यांनी फक्त भूमय्याच्या दाराकडं बघितलं.

भूमय्यानं त्याला आत घेतलं, बसायला पाट दिला. कुंडलिक पाटावर बसला नाही, खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. "भूमय्या, शिव्या दे."

"राहू द्या हो कुंडलिकराव. पाणीच आहे, वाळेल. लग्न चांगलं झालं का?"

मी दारातनं ऐकत होतो. सांगतो, मथुराबाईच्या आठवडाभराच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं झालं. फेटा काढून त्यानं काखेत दाबला. बुंदीची पुरचुंडी हातात होती; ती देता येईना, परत नेता येईना. शेवटी मागाच्या खांबापाशी ठेवली आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पान्हा काढला. स्वतःच्या मोरीतली तोटी काढली आणि पाइपात लाकडी खुंटी ठोकली. ठोकण्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. मग घागर घेऊन सार्वजनिक नळाच्या रांगेत, मथुराबाईच्या मागं. शहराला पाणी सोडणारा माणूस पाण्याच्या रांगेत! मथुराबाईनं मागं वळून बघितलं. शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिनं तो गिळला, आणि घागर एका कमरेवरनं दुसऱ्या कमरेवर घेतली.

ते लुगडं व्यापाऱ्यानं घेतलं नाही. कुंडलिकनं घेतलं; कसं, काय देऊन, मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही असं मी फार कमी वेळा म्हणतो. भूमय्यानं ते तसंच विणून पूर्ण केलं. कपाटात ठेवून देतील असं वाटलं होतं. बजाबाई ते नेसून रांगेत आली. पांढऱ्या अंगावर लाल डाग, कुठं हाताएवढे, कुठं नुसते ओघळ. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"अगं, निदान रांगंला तरी दुसरं नेसायचं," मथुराबाई हळूच म्हणाली.

"ल्यायलाच घेतलंय की आक्का."

त्याच आठवड्यात कुंडलिक सगळ्या किल्ल्या घेऊन माझ्या दुकानात आला. "ह्या तू ठेव."

"मी? अरे, माझ्याकडं लोक सायकलीचा पंपसुद्धा राखायला देत नाहीत!"

तो हसला नाही. हे नेहमीचंच, पण या वेळी मला ते लागलं. किल्ल्या माझ्या फळीवर, सोल्यूशनच्या डब्याशेजारी आल्या. सुट्टीवरनं परतलेले लोक किल्ली घ्यायला माझ्याकडं यायचे आणि आधी घरात जाऊन भांडी मोजायचे. कुंडलिकच्या दारासमोरच हे सगळं व्हायचं. तो खाली मान घालून जायचा, पाणी सोडायचा, यायचा. कुलपं ओढून बघणं बंद.

पाऊस आला, गेला, नळ पुन्हा रोजचे झाले. त्याच्या मोरीतली खुंटी तशीच. महापालिकेनं कुणालाही एवढी शिक्षा सांगितली नव्हती. मी एकदा म्हटलं, "आता लाव की तोटी." म्हणाला, "लावतो." लावली नाही.

पुन्हा उन्हाळा. शाळा सुटल्या, टांगे यायला लागले. घोड्यापुढं कोणी उभं राहीना. पहिल्या दोन-तीन घरांनी किल्ल्या माझ्याकडं टाकल्या आणि जाताना चारदा मागं वळून बघितलं. एक बाई तर टांग्यातनं उतरली, घर उघडून तोटी बघून आली, आणि गाडी चुकली. लोकांना तो प्रश्न हवा होता हो. विचारणारा नव्हता.

मग मथुराबाईची लेकीकडं वेळापूरला जायची सकाळ आली. बोचकी चढली, म्हातारी टांग्यात बसली, आणि टांगेवाला "हाऽऽ" म्हणाला तशी ओरडली, "थांब रं!"

"काय झालं?"

"काय न्हाय. थांब."

पाणी नुकतंच सुटलं होतं. गल्लीच्या टोकाकडनं कुंडलिक येत होता, खांद्यावर चावी, मान खाली. टांग्याच्या कडेनं निघून जायला लागला.

"कुंडलिका."

"आक्का."

"इचार की."

"काय इचारू?"

"दरसाल इचारतोस त्ये. माजी गाडी चुकायलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या फळीवरच्या किल्ल्यांकडं बघितलं. भूमय्या दारात येऊन उभा राहिला होता, बजाबाई मागं, त्याच लुगड्यात. धुऊन धुऊन डाग आता गुलाबी झालेले.

"कंच्या तोंडानं इचारू, आक्का?"

"हाय त्याच तोंडानं! दुसरं कुटनं आननार हायस?" मग आवाज खाली आला. "मला खरंच आटवंना रं. बंद केली का न्हाय ती."

तो उभाच राहिला. तोंड उघडलं त्यानं, प्रश्न येईल असं सगळ्यांना वाटलं. आला नाही. त्यानं खांद्यावरनं चावी काढली, मथुराबाईच्या दारापुढल्या झाकणावर टेकवली आणि मुठीला कान लावला. डोळे मिटले. घोड्यानं एकदा फुरफुर केलं, तर टांगेवाल्यानं त्याच्या नाकावर हात ठेवला.

"बंद हाय," कुंडलिक म्हणाला. "जावा तुमी."

मथुराबाईनं किल्ली त्याच्याकडं टाकली. माझ्याकडं नव्हे. ती त्याच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली, खाकीला पुसली, आणि धरून उभा राहिला. टांगा गेला.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, चांगलं खमंग. मी ते बाहेर काढणार, तेवढ्यात तो आपल्या दाराशी गेला. तिथल्या झाकणावर त्यानं चावी टेकवली. आत तोटी नव्हती. वर्षभर नुसती खुंटी होती, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यानं वाकून कान लावला. मथुराबाईच्या दारापुढं उभा होता त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ.

पुढं कितीतरी सुट्ट्या गेल्या. किल्ल्या हळूहळू परत त्याच्या खिळ्यांवर गेल्या, माझी फळी मोकळी झाली. प्रत्येक टांग्यापुढं तो येतो, दारापुढं वाकून ऐकतो, आणि "बंद हाय, जावा" एवढंच म्हणतो. विचारत मात्र तो कुणालाच नाही.